लिनक्सवरील बॅकअप सॉफ्टवेअरची समुदाय-पॅकेजे

मुक्तस्रोत बॅकअप सॉफ्टवेअरचा मूळ कोड घेऊन तो एखाद्या लिनक्स डिस्ट्रोवर (डेबियन, फेडोरा यांसारख्या लिनक्सच्या तयार वितरणावर) एका कमांडमध्ये बसावा, अपडेट व्हावा आणि नको तेव्हा काढता यावा, अशा रूपात स्वयंसेवकांनी बांधलेले व सांभाळलेले पॅकेज म्हणजे समुदाय-पॅकेज. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मूळ प्रकल्पाला ‘अपस्ट्रीम’ म्हणतात, पॅकेज सांभाळणाऱ्याला ‘मेंटेनर’. ही दोन माणसे सहसा वेगळी असतात आणि त्यांचे नेहमीच पटते असे नाही. बॅक्युला, २०१५ मध्ये ॲटिक या बॅकअप प्रोग्रॅमपासून फुटून निघालेला बॉर्ग, गो भाषेतला रेस्टिक ही अशा बॅकअप सॉफ्टवेअरची परिचित नावे.

ही पॅकेजे अनेक ठिकाणी मिळतात. डेबियन आणि फेडोराच्या मुख्य रिपॉझिटरीत, म्हणजे पॅकेजांच्या साठ्यात, शिरण्याआधी पॅकेज इतरांच्या नजरेखालून जाते. रेड हॅटच्या एंटरप्राइझ डिस्ट्रोसाठी फेडोराचेच स्वयंसेवक एपेल ही जादा पॅकेजांची रिपॉझिटरी चालवतात. बॉर्ग किंवा रेस्टिक हवा असणारा ॲडमिन बहुधा तिथेच जातो. फेडोराचे कॉपर, उबुंटूचे पीपीए आणि ओपनसुसेची बिल्ड सेवा इथे कोणीही खाते उघडून पॅकेज बांधू शकतो. आर्च या डिस्ट्रोच्या एयूआर या युजरांच्या रिपॉझिटरीमध्ये तर तयार पॅकेज नसतेच, फक्त ते बांधण्याची पाककृती असते. पीकेजीबिल्ड नावाच्या छोट्या फाइलीत आवृत्ती, कोडचा पत्ता, चेकसम (कोड बदललेला नाही हे पडताळण्याचा आकडा) आणि बांधणीच्या कमांड असतात. ती वाचायला पाच मिनिटे लागतात, आणि बहुतेक लोक ती वाचत नाहीत.

मेंटेनरचे काम कोड कंपाइल करण्यापुरते नसते. बॅक्युलासारख्या प्रणालीत कामे ठरवणारा डायरेक्टर, बॅकअप साठवणारा स्टोरेज डिमन आणि ज्याचा बॅकअप घ्यायचा त्या क्लायंट यंत्रावरचा फाइल डिमन असे तीन भाग असतात (डिमन म्हणजे पार्श्वभूमीत सतत चालणारा प्रोग्रॅम). ते वेगळ्या पॅकेजांत विभागणे, त्यांच्यासाठी सिस्टिम युजर तयार करणे, ते सुरू-बंद करणाऱ्या सिस्टिमडीच्या सर्व्हिस फाइली देणे, कॅटलॉगचा (काय कुठे साठवले याच्या नोंदींचा) डेटाबेस उभा करणे हे सारे पॅकेज करते. बॅक्युलापासूनच निघालेल्या बॅरिऑसमध्ये पॅकेजा-पॅकेजांतला फरक ठळक दिसतो. डेबियनच्या पॅकेजात डेटाबेसचे टेबल आपोआप नव्या रचनेत आणले जातात, तर फेडोरा-रेड हॅटकडच्या आरपीएम प्रकारच्या पॅकेजानंतर ॲडमिनला ती स्क्रिप्ट स्वतः चालवावी लागते. कॉन्फिग फाइलींचेही तसेच. अपग्रेडच्या वेळी डेबियन विचारते, तुमची फाइल ठेवू की नवी घालू. आरपीएम बहुधा तुमची फाइल तशीच ठेवून नवी ‘आरपीएमन्यू’ शेपटी लावून शेजारी टाकते, आणि ती महिनोन्महिने तिथे पडून राहते.

खरी डोकेदुखी आवृत्त्यांची. टेक्स्ट एडिटर दोन यंत्रांवर दोन आवृत्त्यांचा असला तर काही बिघडत नाही. बॅकअपचे तसे नाही, कारण एका यंत्राने लिहिलेले दुसऱ्याला वाचायचे असते. बॅक्युलात डायरेक्टर आणि स्टोरेज डिमन एकाच आवृत्तीचे लागतात. फाइल डिमन जुना चालतो, त्यांच्यापेक्षा नवा चालत नाही. म्हणजे सर्व्हर जुन्या स्थिर डिस्ट्रोवर आणि क्लायंट ताज्या डिस्ट्रोवर असेल, तर दोन्हीकडे डिस्ट्रोचेच पॅकेज घेऊन भागत नाही. रेस्टिकचे उदाहरण आणखी बोलके आहे. २०२२ मध्ये आलेल्या ०.१४.० आवृत्तीने कॉम्प्रेशनसाठी साठवणीचे नवे स्वरूप आणले आणि नव्या साठ्यांसाठी तेच डिफॉल्ट (आपोआप लागू होणारे) केले. डेबियन १२ मध्ये हीच आवृत्ती आहे, पण उबुंटू २२.०४ मध्ये ०.१२.१ आहे. पहिल्यावर सुरू केलेला साठा दुसऱ्यावर उघडत नाही. भर म्हणजे बॉर्ग आणि रेस्टिक बॅकअपच्या साठ्यालाही ‘रिपॉझिटरी’च म्हणतात, त्यामुळे मदत मागताना कोणत्या रिपॉझिटरीबद्दल बोलतो आहोत हे आधी सांगावे लागते.

नवी आवृत्ती लगेच का देत नाहीत, अशी मेंटेनरांवर नेहमीची तक्रार असते. ती बरीचशी अन्यायाची आहे. डेबियनची स्थिर आवृत्ती एकदा गोठली की सॉफ्टवेअर बदलत नाही, सुरक्षेच्या दुरुस्त्या तेवढ्या मागे आणून जोडल्या जातात. ‘०.१४.०-१’ या क्रमांकात जोडरेघेआधीचा भाग अपस्ट्रीमचा आणि नंतरचा पॅकेजचा, म्हणून अपस्ट्रीमचा आकडा जुना दिसला तरी आतली भोके बुजवलेली असू शकतात. नवे हवेच असेल त्यांच्यासाठी बॅकपोर्टची, म्हणजे स्थिर डिस्ट्रोसाठी बांधलेल्या नव्या आवृत्त्यांची, वेगळी रिपॉझिटरी असते. रेस्टिकमध्ये स्वतःला अपडेट करण्याची कमांड आहे, पण डिस्ट्रोच्या पॅकेजात ती सहसा वगळलेली असते. पॅकेज मॅनेजरच्या पाठीमागे फाइली बदलू नयेत, हा त्यामागचा हेतू.

मेंटेनरच्या हातून चुकाही होतात, आणि त्या मोठ्या असू शकतात. डेबियनच्या ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या पॅकेजात २००६ मध्ये घातलेल्या एका पॅचमुळे (कोडमधील बदलामुळे) की तयार करताना लागणारी यादृच्छिकता जवळजवळ नाहीशी झाली. एखाद्या प्रकारच्या आणि लांबीच्या जेमतेम ३२,७६७ वेगळ्या की तयार होऊ शकत होत्या. हे मे २००८ मध्ये उघड झाले. तोवर एसएसएच या सुरक्षित जोडणीवरून बॅकअप ओढणाऱ्या कित्येक सर्व्हरांवर अशा कमकुवत की बसल्या होत्या. दुसरा धोका बेवारस पॅकेजांचा. मेंटेनर कंटाळला, नोकरी बदलली, वेळ उरला नाही की पॅकेज ‘अनाथ’ जाहीर होते. एयूआरमध्ये असे पॅकेज कोणीही दत्तक घेऊ शकत असे. जुलै २०१८ मध्ये पीडीएफ वाचण्याच्या एका अनाथ पॅकेजात नव्या ‘पालका’ने घातक स्क्रिप्ट घातल्याचे सापडले. बॅकअप सॉफ्टवेअर बहुधा रूटच्या, म्हणजे यंत्रावरील सर्वोच्च, अधिकाराने चालते आणि प्रत्येक फाइल वाचते, हे लक्षात घेतले तर इथे अशी घुसखोरी किती महागात पडेल ते वेगळे सांगायला नको.

रिस्टोअरची वेळ येते तेव्हा यंत्र बहुधा नवे असते, डिस्ट्रोही पुढे सरकलेली असते आणि जुने पॅकेज रिपॉझिटरीतून गेलेले असू शकते. म्हणून बॅकअप ज्या आवृत्तीने घेतला त्या पॅकेजची फाइल साठ्याशेजारीच ठेवण्याची सवय जुन्या ॲडमिनांत दिसते. बॉर्ग आणि रेस्टिकचे अपस्ट्रीम एकाच फाइलीतला तयार प्रोग्रॅमही देतात, तोही यासाठी चालतो. बॉर्गच्या कीफाइल पद्धतीत एन्क्रिप्शनची की मात्र युजरच्या होम डिरेक्टरीत असते. पॅकेज कुठलेही घेतले तरी ती त्यात येत नाही, वेगळी एक्सपोर्ट करून दुसरीकडे ठेवावी लागते.