बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रियेनंतर वजनाचा काटा का अडतो?

स्लीव्ह (जठर कापून त्याची लांबट नळी करणं) किंवा बायपास (जठराची लहान पिशवी करून ती थेट आतड्याला जोडणं) या लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रिया झाल्यावर पहिल्या दोन-अडीच आठवड्यांत बऱ्याच जणांचं वजन झपाट्यानं उतरतं. मग तिसऱ्या आठवड्याच्या आसपास काटा एका आकड्यावर येऊन बसतो, कधी आठ दिवस, कधी पंधरा. तेव्हा दिवसभराचं खाणं जेमतेम पाचशे कॅलरींचं असतं: ताक, पातळ वरण, प्रोटीन पावडर. घरातले काळजीनं विचारतात, "ऑपरेशन फसलं का?" फसलेलं नसतं. तिसऱ्या आठवड्यातली ही अडवणूक, सहाव्या-आठव्या महिन्यात येणारी अडवणूक आणि दीड-दोन वर्षांनी वजन जिथे मुक्काम करतं तो टप्पा, या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. तिन्हींना ‘प्लॅटो’, म्हणजे सपाट टप्पा, हे एकच नाव पडलं आणि तिथून घोटाळा झाला. त्यांची कारणं उलगडायला वैद्यकाला काही दशकं लागली, आणि त्या काळात कित्येक रुग्णांना विनाकारण ‘तुम्हीच नीट पाळत नाही’ हे ऐकावं लागलं.

या प्रकरणाचं पहिलं पान अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात, नोव्हेंबर १९४४ मध्ये लिहिलं गेलं. युद्धात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा खाण्यावर कसं आणायचं हे शोधण्यासाठी अँसेल कीज या शास्त्रज्ञानं ३६ तरुण स्वयंसेवक निवडले. चोवीस आठवडे त्यांना रोज साधारण १,६०० कॅलरींचं खाणं दिलं: बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी. त्यांचं वजन सुमारे पाव भागानं घटलं आणि विश्रांतीच्या स्थितीत जळणारी ऊर्जा जवळपास ४० टक्क्यांनी खाली आली. आकाराने लहान झालेल्या शरीराला कमी इंधन लागणारच. पण घट त्याहूनही मोठी होती. शिवाय त्यांच्या घोट्यांवर सूज आली. चरबी जात होती आणि तिच्या जागी पाणी साठत होतं, त्यामुळे काटा चरबीच्या मागे रेंगाळत होता. अपुऱ्या खाण्यातही वजन का थांबतं याची दोन्ही उत्तरं, कमी झालेला खर्च आणि साठलेलं पाणी, तिथे नोंदली गेली होती. शल्यचिकित्सेनं ती कामाला लावायला मात्र फार उशीर केला.

गंमत अशी की लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रियांची सुरुवातही १९५३-५४ च्या सुमारास त्याच विद्यापीठात झाली. लहान आतड्याचा बहुतेक भाग वगळून त्याची दोन टोकं जोडायची, म्हणजे अन्न पचायला वावच उरणार नाही, असा तो विचार होता. साठच्या दशकात लॉस एंजेलिसच्या पेन आणि डीविंड यांनी तो रुळवला: वरचं ३५ सेंटिमीटर आणि खालचं १० सेंटिमीटर, एवढंच आतडं वापरात. वजन उतरायचं, पण सोबत सततचे जुलाब, मुतखडे आणि काहींना यकृत निकामी होण्यापर्यंतचा त्रास यायचा. राहिलेलं आतडं काळानुसार रुंद आणि लांब होत जास्त शोषायला लागायचं, आणि वजन थांबायचं. १९८० च्या आसपास ही शस्त्रक्रिया जवळपास बंद झाली. शरीर वाट शोधतं, हा धडा तिनं पहिल्यांदा दिला.

दुसरी वाट आयोवाच्या एडवर्ड मेसन यांनी काढली. अल्सरसाठी जठराचा मोठा भाग काढलेले रुग्ण पुढे बारीकच राहतात, वजन भरून येत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. १९६६ मध्ये त्यांनी चिकाशी इतो यांच्यासोबत गॅस्ट्रिक बायपास केला. पुढे जठराची वरची पिशवी लहान होत गेली. आज ती १५ ते ३० मिलिलिटरची असते, म्हणजे चहाच्या अर्ध्या कपाहूनही कमी. १९७७ मध्ये ग्रिफेन यांनी आतड्याची जोडणी वाय आकाराची केली, तीच आजची रू-एन-वाय. सीझर रू हे स्वित्झर्लंडमधले शल्यचिकित्सक, जोडणीला त्यांचं नाव आहे.

मेसन यांनी १९८० मध्ये आणखी सोपा उपाय मांडला: आतड्याला हात न लावता स्टेपलची उभी रांग, लहान पिशवी आणि बाहेर पडायच्या तोंडाला पट्टी. तत्त्व असं की पिशवी लहान, तोंड अरुंद, म्हणजे खाणं आपोआप कमी. इथे खाण्याचा खरा प्रश्न उघडा पडला. पोळी आणि मटण अडकायचं, उलटी व्हायची. आइस्क्रीम, मिल्कशेक, चॉकलेट मात्र बिनदिक्कत उतरायचं. माणसं हळूहळू मऊ आणि गोड खाण्याकडे सरकली आणि वजन थांबलं, मग वाढलं. १९८७ मध्ये व्हर्जिनियात शुगरमन यांच्या गटानं बायपास आणि ही पट्टीची शस्त्रक्रिया यांची थेट तुलना केली. गोड खाणाऱ्यांमध्ये पट्टीची शस्त्रक्रिया विशेष मागे पडली. बायपासमध्ये साखर थेट आतड्यात पडते, त्यामुळे घाम, धडधड, पोटात कळ, जुलाब असा ‘डम्पिंग’चा त्रास होतो, आणि तो गोडापासून लांब ठेवतो.

आज डिस्चार्जच्या कागदावर जे नियम असतात त्यातले बरेच या काळातल्या ठेचांमधून आले आहेत. जेवताना आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी प्यायचं नाही, कारण पाण्यानं अन्न पिशवीतून लवकर वाहून जातं आणि पोट भरल्याची जाणीव टिकत नाही. घास बोटाच्या पेराएवढा, वीसेक वेळा चावलेला, जेवण वीस ते तीस मिनिटांचं. मऊ पाव, चिकट भात, कोरडं चिकन सुरुवातीला टाळायचं, कारण ते गोळा होऊन अडकतं. आणि द्रवरूप गोड काही नाही.

नव्वदच्या दशकात दुर्बिणीची शस्त्रक्रिया आली. १९९४ मध्ये सॅन दिएगोच्या विटग्रोव्ह आणि क्लार्क यांनी दुर्बिणीतून केलेल्या बायपासची नोंद केली. जठराभोवती बसवायचा, घट्ट-सैल करता येणारा बँड आला आणि दोन दशकांत मागे पडला. स्लीव्हची कथा वेगळी आहे. २००० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये मिशेल गॅग्नर यांचा गट अतिशय जास्त वजनाच्या, धोक्याच्या रुग्णांवर मोठी शस्त्रक्रिया दोन टप्प्यांत करू लागला. पहिला टप्पा जठराची लांबट नळी करण्याचा. बरेच रुग्ण त्यावरच इतके खाली आले की दुसऱ्या टप्प्याची गरज उरली नाही. भारतात आता सर्वांत जास्त होते ती हीच शस्त्रक्रिया. तात्पुरती म्हणून केलेली पायरी मुख्य उपचार झाली, हे लक्षात ठेवलं की काही स्लीव्हनंतर दुसरी शस्त्रक्रिया का सुचवली जाते हेही समजतं.

नळी अन्न अडवते म्हणून माणूस कमी खातो, एवढंच उत्तर पुरेसं नव्हतं. १९९५ मध्ये रॉकफेलर विद्यापीठातल्या लीबल, रोझेनबाम आणि हर्श यांनी मोजून दाखवलं की दहा टक्के वजन उतरलं की शरीराचा खर्च अपेक्षेपेक्षा जास्त घटतो. १९९९ मध्ये जपानमध्ये घ्रेलिन सापडलं, भुकेचं हार्मोन, जे मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं. स्लीव्हमध्ये काढला जातो तो नेमका हाच भाग. २००२ मध्ये सिअ‍ॅटलच्या कमिंग्ज यांच्या गटाला दिसलं की आहारानं वजन उतरवलेल्यांचं घ्रेलिन २४ टक्क्यांनी वाढलं होतं, तर बायपास झालेल्यांचं ते सामान्य वजनाच्या लोकांपेक्षाही ७७ टक्के कमी होतं. पुढे आतड्यातली जीएलपी-१ आणि पीवायवाय ही तृप्तीची हार्मोन्स शस्त्रक्रियेनंतर जेवताच उसळतात हेही कळलं. म्हणजे शस्त्रक्रिया भुकेचं गणितही बदलते.

केविन हॉल यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हे गणित आकड्यांत बसवलं. उतरलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा दिवसाचा खर्च साधारण २५ कॅलरींनी घटतो, आणि भूक मात्र साधारण १०० कॅलरींनी वाढायला बघते. हा ओढा जिथे बरोबरीला येतो तिथे वजन थांबतं. नुसत्या आहारानं हे वर्षभरात घडतं. शस्त्रक्रियेत भुकेचा ओढा सौम्य होतो, म्हणून घसरण जास्त काळ चालते. पण थांबणं टळत नाही. अठ्ठावीस किलो उतरले तर खर्च रोज सातशेएक कॅलरींनी कमी झालेला असतो.

आता तिन्ही टप्प्यांकडे परत येऊ.

तिसऱ्या आठवड्यातला अडथळा पाण्याचा असतो. यकृत आणि स्नायूंत मिळून सुमारे अर्धा किलो ग्लायकोजेन असतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी. सुरुवातीला हे रिकामं होतं, म्हणजे दीड-दोन किलो नुसतं तेच. पुढे शरीर थोडा साठा परत भरतं आणि पाणी परत येतं. दिवसाला १,५०० कॅलरींची तूट धरली तर दहा दिवसांत जवळपास दोन किलो चरबी जातेच. फक्त तेवढंच पाणी परत आलेलं असतं. इथे करायचं काही नाही. खाणं आणखी तोडू नये, पातळावरून घट्ट अन्नाकडे घाईनं जाऊ नये, जास्तीचा व्यायाम सुरू करू नये. दीड लिटर पाणी घोट-घोट, ६० ग्रॅम प्रोटीन, आणि वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी शौचानंतर, त्याच काट्यावर. कंबरेला टेप लावावी. ती अनेकदा काट्याच्या आधी हलते. पाळीच्या आधीचे चार-पाच दिवस वजनाचा हिशोब धरू नये.

सहाव्या-आठव्या महिन्यातला अडथळा ताटात शोधायचा. एव्हाना सगळं खाता येतं. खाणं सर्वांत कमी असण्याचा काळ सरलेला असतो, पण ते वाढल्याचं जाणवत नाही. आपल्याकडे गुन्हेगार ठरलेले आहेत: चहात बुडवलेली बिस्किटं, शेव, फरसाण, चिवडा, लाडवाचे तुकडे. हे तोंडात विरघळतं, पिशवीत थांबत नाही. तीस ग्रॅम फरसाण म्हणजे दीडशेच्या वर कॅलरी, आणि ते दिवसातून तीनदा नकळत होतं. उपवासाची साबुदाणा खिचडी तर जवळजवळ निव्वळ स्टार्च आणि तेल. आठवड्याला दोन उपवास असतील तर त्या दिवसांचं प्रोटीन बुडतंच.

शाकाहारी माणसाची अडचण खरी आहे आणि ती आहारतज्ज्ञांनी मान्य करायला हवी. स्लीव्हमध्ये शंभर-दीडशे मिलिलिटर मावतं. एक वाटी घट्ट वरण ती जागा व्यापतं आणि प्रोटीन देतं सहा-सात ग्रॅम. म्हणून साठ ग्रॅम जुळवायला असा दिवस लागतो: व्हे प्रोटीनचा एक स्कूप (२४ ग्रॅम), पन्नास ग्रॅम पनीर (९), तीस ग्रॅम सोया वड्या (१५), शंभर ग्रॅम चक्का (८), एक वाटी वरण (६). मासे-अंडी खाणाऱ्याला सोपं जातं; शंभर ग्रॅम शिजलेल्या माशातच वीसच्या वर मिळतं. क्रम ठरलेला: आधी प्रोटीन, मग भाजी, जागा उरली तर भाकरी. प्रोटीन कमी पडलं की स्नायू जातात, स्नायू गेले की खर्च आणखी घटतो. म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा वजनाचे व्यायाम, नुसतं चालणं नव्हे. थायरॉइडची तपासणी आणि चालू गोळ्यांची यादीही याच वेळी बघावी: स्टेरॉइड, इन्सुलिन आणि काही मानसोपचाराची औषधं वजन अडवतात.

दीड-दोन वर्षांनी येतो तो मुक्काम. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात दोन हजारांवर शस्त्रक्रिया झालेल्यांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली. सर्वांत कमी वजन पहिल्या-दुसऱ्या वर्षात दिसलं: बायपासमध्ये मूळ वजनाच्या ३२ टक्के घट. दहा वर्षांनी ती २५ टक्क्यांवर आली. थोडं परत येणं हा तिथे नियम होता, अपवाद नव्हता.

निराशेचं एक मूळ मोजमापात आहे. शल्यचिकित्सक यशाचा हिशोब ‘जादा वजनाच्या’ टक्केवारीत करत आले, आणि आदर्श वजन ठरवणारे तक्ते होते एका अमेरिकन विमा कंपनीचे. उंची १६० सेंटिमीटर, वजन ११० किलो धरा. बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) २५ ला वजन ६४. जादा ४६ किलो. त्यातले ६० टक्के उतरले की काटा ८२ वर थांबतो. शस्त्रक्रियेच्या हिशोबात हा चांगला निकाल आहे, मूळ वजनाच्या २५ टक्के घट. रक्तदाब, साखर, घोरणं यात फरक पडलेला असतो. पण रुग्णाच्या डोक्यात ६४ असतो, आणि शस्त्रक्रियेआधी त्याला कोणी ८२ सांगितलेला नसतो. हा आकडा सही घेण्याआधी कागदावर लिहून द्यायला हवा.

वजन थांबण्याऐवजी चढत असेल तर तपासणी वेगळी. बायपासमध्ये पिशवी आणि उरलेलं जठर यांच्यात पुन्हा वाट तयार झाली आहे का, जोड रुंद झाला आहे का, हे दुर्बिणीनं किंवा बेरियमच्या एक्स-रेनं कळतं. पूर्वी इथून थेट दुसऱ्या शस्त्रक्रियेकडे जात. २०२३ मध्ये लंडनमध्ये ७० जणांवर झालेल्या चाचणीत, शस्त्रक्रियेनंतर पुरेसं न उतरलेल्यांना २४ आठवडे लिराग्लुटाइड हे भूक कमी करणारं इंजेक्शन दिल्यावर सरासरी ८.८ टक्के वजन घटलं. नुसत्या आहार-व्यायामाच्या गटात अर्धा टक्का. २०२५ मध्ये टिर्झेपटाइड आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड ही तशीच इंजेक्शनं भारतात आल्यापासून हा पर्याय इथेही विचारला जातो.

ही इंजेक्शनं शस्त्रक्रिया झालेल्या माणसानं स्वतःहून सुरू करू नयेत. आधीच कमी खाणाऱ्याची भूक आणखी मरते आणि साठ ग्रॅम प्रोटीन पहिल्यांदा बुडतं. बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम सायट्रेट चालूच ठेवायचं. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर. आणि उलट्या दोन-तीन दिवस थांबल्या नाहीत तर वाट न बघता दवाखान्यात जायचं, कारण थायमिनचा (बी-१ जीवनसत्त्वाचा) साठा काही आठवड्यांपुरताच असतो. तो संपल्यावर नजर दुहेरी होते, तोल जातो आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. अशा वेळी ग्लुकोजची सलाइन लावण्याआधी थायमिनचं इंजेक्शन द्यायला हवं, आणि शस्त्रक्रिया झाली आहे हे त्या डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगायला हवं.