बातम्या पाठ करून सांगतात म्हणे!

आमच्या गिरगावच्या चाळीत अजून लोक छातीठोकपणे सांगतात की टीव्हीवर बातम्या देणारे सगळं पाठ करून बसतात, बघा ना, एकदाही मान खाली नाही. अहो कसलं पाठ! कॅमेऱ्याच्या लेन्सपुढे तिरकी काच लावलेली असते, खालच्या स्क्रीनवरची उलटी अक्षरं त्या काचेत सुलटी दिसतात, ती वाचत बाई बोलते आणि आपल्याला वाटतं आपल्याच डोळ्यात बघतेय. कॅमेरा काचेतून आरपार बघतो म्हणून अक्षरं आपल्याला दिसत नाहीत. हाच तो टेलिप्रॉम्प्टर. शिवाय कानात प्रोड्युसरची बडबड चालूच, ती ऐकत ऐकत वाचायचं, खरं कसब ते.

१९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, त्या काळात हातात कागद असायचे. स्मिता पाटील, भक्ती बर्वे बातम्या वाचायच्या, वाचायच्या हं, बातमी शोधून आणणं हे वेगळ्याच माणसाचं काम.

आणि मंत्रालयाबाहेरचा रिपोर्टर प्रश्न विचारल्यावर क्षणभर गप्प उभा राहतो ना, त्याला उत्तर येत नाही म्हणून हसू नका. उपग्रह जवळपास ३६,००० किलोमीटर वर, आवाज तिथे जाऊन खाली यायलाच पाव सेकंद लागतो, वर मशीनचा वेळ वेगळा. बिचाऱ्याच्या कानात प्रश्न अजून पोचलेलाच नसतो!

टेबलावरचे कागद? प्रॉम्प्टर अडकला की तेच कामाला येतात.