लशींचे अविशिष्ट परिणाम

लस ज्या रोगासाठी टोचतात तो रोग सोडून इतर संसर्गांवर आणि एकूण मृत्युमानावर तिचा जो बरावाईट प्रभाव पडतो, त्यास ही संज्ञा आहे. टोचल्यानंतरचा ताप किंवा सूज यांत धरत नाहीत.

कल्पनेचा उगम बहुधा कार्ल नेस्लुंड या स्वीडिश वैद्यापर्यंत नेला जातो. उत्तर स्वीडनमध्ये १९२७ च्या सुमारास अर्भकांना बीसीजी ही क्षयरोगावरील लस देण्यास सुरुवात झाली, तेव्हा लस मिळालेल्या बालकांत मृत्यू कमी, आणि ते केवळ क्षय टळल्याने कमी झाले असे म्हणता येत नाही, हे त्यांनी नोंदवले. लस घेणारी व न घेणारी कुटुंबे मुळात सारखीच होती का, ही शंका मात्र राहते. तेव्हा या नोंदीला पुराव्यापेक्षा पूर्वसूचना म्हणणे बरे. पद्धतशीर अभ्यास पश्चिम आफ्रिकेतील गिनी-बिसाऊमध्ये १९७८ पासून पीटर ऑबी या डॅनिश संशोधकाने उभा केला. गोवराचे मृत्यू वजा केले तरी गोवराची लस मिळालेली मुले अधिक जगत होती.

उलट बाजूही तिथेच दिसली. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये शिफारस केलेली अधिक मात्रेची गोवर लस गोवर रोखत होती, पण पुढे मुलींतील मृत्यू वाढलेले आढळल्याने १९९२ मध्ये ती मागे घ्यावी लागली. दोष त्या लशीचा, की तिच्यानंतर त्रिगुणी (घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांवरील) लस दिली गेल्याचा, यावर एकमत नाही. ऑबींचा कल दुसऱ्या बाजूस आहे.

कारणमीमांसेत सध्या ‘प्रशिक्षित प्रतिकारशक्ती’, म्हणजे जन्मजात प्रतिकारपेशींनी आधीच्या संपर्काची आठवण ठेवून पुढे अधिक जोमाने प्रतिसाद देणे, ही कल्पना पुढे आहे. मिहाई नेतेआ यांच्या गटाने २०१२ मध्ये बीसीजी टोचलेल्या निरोगी प्रौढांच्या रक्तातील मोनोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी कँडिडा या बुरशीसमोर ठेवल्या. तीन महिन्यांनंतरही त्या अधिक सायटोकाइन (प्रतिकारपेशींना इशारा देणारी प्रथिने) स्रवत होत्या. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांवर मेथिल खुणा, म्हणजे जनुकांच्या कामावर परिणाम करणाऱ्या रासायनिक खुणा, वाढल्या होत्या. पण मोनोसाइट रक्तात जेमतेम काही दिवस टिकते, मग आठवण ठेवते कोण? उंदरांवरील पुढील प्रयोगांनी बोट अस्थिमज्जेतील मूळपेशींकडे दाखवले.

चाचण्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. गिनी-बिसाऊतील कमी वजनाच्या अर्भकांत जन्मतःच बीसीजी दिल्याने पहिल्या महिन्यातील मृत्यू सुमारे ३८ टक्क्यांनी घटले. डेन्मार्कमध्ये रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण घटले नाही, तर भारतात रशियन वाणाच्या (लशीतील जिवाणूच्या एका उपप्रकाराच्या) बीसीजीने मृत्यू कमी झाले नाहीत. वाणभेद हे एक संभाव्य स्पष्टीकरण आहे. तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या पोलिओ लशीबद्दलही असे दावे आहेत. २०१४ च्या आढाव्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने लसीकरणाचे वेळापत्रक बदलले नाही.