कॉलेज आइस हॉकी : कॉन्फरन्स स्पर्धेच्या यजमान शहराची निवड

अमेरिकेतील कॉलेज आइस हॉकीचा हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो आणि मार्चमध्ये प्रत्येक कॉन्फरन्सच्या स्वतंत्र बाद फेरीच्या स्पर्धेपाशी येऊन ठेपतो. या स्पर्धेचे उपांत्य आणि अंतिम सामने कोणत्या शहरात, कोणत्या रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, खेळवायचे हे कॉन्फरन्स ठरवते. कॉन्फरन्स म्हणजे आपापसांत वर्षभर सामने खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट. पुरुषांच्या अव्वल श्रेणीत आज असे सहा गट आहेत : हॉकी ईस्ट, ईसीएसी, बिग टेन, सीसीएचए, एनसीएचसी आणि अटलांटिक हॉकी अमेरिका. या स्पर्धेच्या विजेत्याला १६ संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो. उरलेल्या जागा हंगामभराच्या कामगिरीवरून काढलेल्या क्रमवारीने भरतात. क्रमवारीत मागे पडलेल्या संघाला राष्ट्रीय स्पर्धेत जाण्याची ही एकच वाट उरते. म्हणूनच सामना कोणाच्या बर्फावर होणार या प्रश्नावर प्रशिक्षक, विद्यापीठे आणि पाठीराखे इतक्या पोटतिडकीने बोलतात.

मार्ग दोन आहेत. एक म्हणजे तटस्थ शहर आधीच ठरवून टाकणे. दुसरा म्हणजे वरच्या मानांकनाच्या संघाच्या विद्यापीठाच्या आवारातच सामना घेणे. सुरुवातीच्या फेऱ्या सहसा सर्वत्र दुसऱ्या पद्धतीने होतात, खरा वाद शेवटच्या दोन फेऱ्यांचा असतो. घरच्या बर्फाचा फायदा केवळ प्रेक्षकांच्या आरड्याओरड्याचा नसतो. रिंकच्या कडेच्या फळ्यांवरून पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, कसा उसळतो हे घरच्या खेळाडूंच्या अंगवळणी पडलेले असते. त्यातच नियमाने मिळणारा एक हक्कही आहे. खेळ थांबला की पाहुण्या संघाने आपले पाच खेळाडू आधी बर्फावर उतरवायचे आणि ते पाहून मगच यजमान प्रशिक्षकाने आपले खेळाडू पाठवायचे. प्रतिस्पर्ध्याच्या सर्वोत्तम आक्रमकासमोर आपला सर्वात चिवट बचावपटू उभा करण्याची ही संधी असते. तटस्थ रिंकवर खेळतानाही वरच्या मानांकनाचा संघ कागदोपत्री यजमान धरला जातो आणि हा हक्क त्याच्याकडे राहतो. तटस्थ शहर निवडल्याने हंगामभराच्या मेहनतीचे मोल पुसले जाते हा आक्षेप त्यामुळे पूर्णपणे खरा नाही.

तटस्थ शहर ठरवताना कॉन्फरन्सचे कार्यालय अरीना चालवणाऱ्यांकडून आणि शहरांच्या पर्यटन किंवा क्रीडा मंडळांकडून प्रस्ताव मागवते. करार बहुधा काही वर्षांचा असतो. अरीनाचे भाडे, तिकिटांच्या उत्पन्नातला वाटा, हॉटेलांच्या राखून ठेवलेल्या खोल्या, संघांच्या प्रवासाचा खर्च, दूरचित्रवाणी प्रक्षेपणाची सोय हे सगळे त्यात येते. पण अनेकदा गाडी अडते ती तारखांवर. मोठ्या अरीना एनएचएल या व्यावसायिक हॉकी लीगच्या संघांच्या असतात आणि मार्च हा त्यांच्याही हंगामाचा ऐन भर असतो. शिवाय त्याच आठवड्यांत कॉलेज बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा देशाचे लक्ष खेचून घेते. बास्केटबॉलसाठी बांधलेली अरीना निवडली तर बर्फ तयार करण्यापासून सुरुवात करावी लागते. या सर्व हिशेबात एक गोष्ट कागदावर मांडता येत नाही : लोक येतील का, आणि आले तर दोन-तीन दिवस राहतील का?

या प्रश्नाचे सर्वात बोलके उदाहरण ईसीएसीचे आहे. आयव्ही लीग या जुन्या, नामांकित विद्यापीठांच्या गटातील ब्राउन, कॉर्नेल, डार्टमथ, हार्वर्ड, प्रिन्स्टन आणि येल ही सहा, आणि क्लार्कसन, कोलगेट, क्विनिपियाक, रेन्सिलेअर, सेंट लॉरेन्स आणि युनियन ही सहा, अशी बारा विद्यापीठे तिच्यात आहेत. १९६७ पासून १९९२ पर्यंत तिची अंतिम फेरी बॉस्टन गार्डनमध्ये होई. पण १९८४ मध्ये बॉस्टन कॉलेज, बॉस्टन युनिव्हर्सिटी, नॉर्थईस्टर्न, प्रॉव्हिडन्स, न्यू हॅम्पशायर, मेन आणि लोवेल यांनी वेगळे होऊन हॉकी ईस्ट स्थापन केली. स्पर्धा बॉस्टनमध्येच राहिली, पण बॉस्टन परिसरातला म्हणावा असा एकटा हार्वर्ड उरला. उरलेल्यांपैकी बरेचसे संघ न्यूयॉर्क राज्याच्या वरच्या भागातले होते. शहर तेच आणि पाठीराखे दुसरीकडे, अशी ही अवस्था झाली. यजमान शहर एकदा ठरले म्हणून कायम योग्य राहत नाही. सदस्य बदलले की नकाशाचा मध्यही सरकतो.

१९९३ मध्ये ईसीएसीने जे केले ते त्या काळच्या हिशेबाने धाडसाचेच होते. महानगर सोडून ती अॅडिरॉन्डॅक डोंगरांतल्या लेक प्लॅसिड या जेमतेम अडीच हजार वस्तीच्या गावात गेली. १९३२ आणि १९८० अशी दोन हिवाळी ऑलिंपिक या गावाने भरवली आहेत. २२ फेब्रुवारी १९८० रोजी अमेरिकेच्या कॉलेज खेळाडूंच्या संघाने सोव्हिएत संघाला ४-३ असे हरवले ते इथल्याच रिंकवर. त्या संघाचे प्रशिक्षक हर्ब ब्रुक्स यांचे नाव आता या अरीनाला दिलेले आहे. आसने आठ हजारांच्या आत. न्यूयॉर्क राज्याने ऑलिंपिकच्या सुविधा सांभाळण्यासाठी १९८१ मध्ये स्थापन केलेले प्राधिकरण हे सगळे चालवते. त्यामुळे तारखांसाठी एनएचएल संघाच्या मागे धावावे लागत नाही आणि स्पर्धा हेच त्या आठवड्यातले गावातले मुख्य काम असते. गावाचा मुख्य रस्ता अरीनाच्या दाराशीच आहे. एका विद्यापीठाचा लाल आणि दुसऱ्याचा हिरवा-सोनेरी अंगरखा एकाच उपाहारगृहाच्या रांगेत उभा राहतो, आणि सामना संपला तरी माणसे पांगत नाहीत कारण पांगायला दुसरी जागाच नसते. क्लार्कसन आणि सेंट लॉरेन्स ही विद्यापीठे मोटारीने दोनेक तासांच्या आत आहेत. कॉर्नेलचे पाठीराखे दूरवरून येतात, पण येतात.

दहा वर्षांनी, २००३ मध्ये, स्पर्धा राज्याच्या राजधानीत, ऑल्बनीला गेली. मोठी अरीना, महामार्गांचा संगम, विमानतळ हाताशी. कागदावर हा निर्णय बिनचूक होता. शेजारच्या स्केनेक्टडीतले युनियन आणि ट्रॉयमधले रेन्सिलेअर यांच्यासाठी ते जवळपास घरचेच शहर. २०१० मध्ये युनियन तिथे अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले आणि कॉर्नेलकडून ०-३ असे हरले.

पुढच्या तीन वर्षांची, २०११ ते २०१३ ची, निवड मात्र आजही बुचकळ्यात टाकते. स्पर्धा न्यू जर्सीच्या समुद्रकिनाऱ्यावरील अटलांटिक सिटी या कॅसिनोंच्या शहरात नेण्यात आली. सामन्यांसाठी १९२९ मध्ये उघडलेले बोर्डवॉक हॉल होते, मिस अमेरिका सोहळ्यासाठी ओळखले जाणारे. मार्चमध्ये किनाऱ्यावरची हॉटेले रिकामी असतात आणि शहराला पाहुणे हवे असतात. शहराची गरज समजण्यासारखी होती, पण ती संघांची गरज नव्हती. बारापैकी प्रिन्स्टन हे एकच विद्यापीठ जवळचे म्हणता येईल. कॅनडाच्या सीमेलगतच्या सेंट लॉरेन्सहून तिथला रस्ता सहाशे किलोमीटरहून अधिक. प्रचंड घुमटाखाली प्रेक्षक विरळ दिसत आणि आवाज छतालाच जाऊन विरे. या तीन वर्षांत बर्फावरचा खेळ कमी दर्जाचा होता असे मुळीच नाही. २०१३ च्या उपांत्य फेरीत हरलेले येल आणि क्विनिपियाक पुढच्याच महिन्यात पिट्सबर्गला राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यात समोरासमोर आले आणि येल ४-० ने जिंकले. इतक्या तोडीचे संघ रिकाम्या खुर्च्यांपुढे खेळले, याची हळहळ वाटल्यावाचून राहत नाही. २०१४ मध्ये स्पर्धा लेक प्लॅसिडला परतली. २०२४ आणि २०२५ अशी सलग दोन वर्षे कॉर्नेलने तिथे करंडक जिंकला.

पश्चिमेकडे लेक प्लॅसिडसारखा यजमानपदाचा मान मिनेसोटातील सेंट पॉलचा होता. पुरुषांच्या जुन्या डब्ल्यूसीएचए या कॉन्फरन्सची 'फायनल फाइव्ह' नावाने ओळखली जाणारी अंतिम फेरी मधल्या काळात मिल्वॉकी आणि मिनियापोलिसलाही गेली होती, पण २००१ ते २०१३ ती सेंट पॉलच्या एक्सेल एनर्जी सेंटरमध्ये स्थिरावली. सुमारे १८,००० आसनांची ती अरीना काही सामन्यांना तुडुंब भरे. नॉर्थ डकोटाचे पाठीराखे ग्रँड फोर्क्सहून सुमारे पाचशे किलोमीटर गाड्या हाकत येत. यजमान राज्याच्या मिनेसोटा विद्यापीठाशी त्यांचे जुने वैर, तेव्हा तटस्थ म्हणावे अशा जागेतही अर्धे हिरवे आणि अर्धे तांबूस-सोनेरी असे दोन तट पडत. कॉन्फरन्स स्पर्धेला याहून अधिक काय हवे?

हे मोडले ते शहरामुळे नव्हे. २०१० मध्ये पेन स्टेटला ८.८ कोटी डॉलरची देणगी मिळाली, तिथे अव्वल श्रेणीचा हॉकी संघ उभा राहिला आणि सहा संघ जमल्याने बिग टेन या अनेक खेळांच्या विद्यापीठ गटाने २०१३-१४ पासून स्वतःची हॉकी कॉन्फरन्स सुरू केली. मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन तिकडे गेले. नॉर्थ डकोटा, डेन्व्हर आणि इतर काही संघांनी एनसीएचसी स्थापली. परिणाम मार्च २०१४ मध्ये दिसला : एकाच सप्ताहअखेरीस बिग टेनची स्पर्धा सेंट पॉलला आणि एनसीएचसीची नदीपलीकडे मिनियापोलिसच्या टार्गेट सेंटरला, जे मुळात बास्केटबॉल संघाचे घर. जो जमाव एका छताखाली मावत नव्हता तो दोन छतांखाली विखुरला आणि दोन्हीकडे खुर्च्या मोकळ्या राहिल्या. बिग टेनने एक वर्ष सेंट पॉल, एक वर्ष डेट्रॉइट असा फेरा चार वर्षे चालवला. २०१८ पासून तिने सगळे सामने वरच्या मानांकनाच्या संघाच्या आवारात नेले. त्याच वर्षी एनसीएचसी सेंट पॉलला आली खरी, पण तिच्यात मिनेसोटा विद्यापीठ नव्हते.

डेट्रॉइटची कहाणी थोडक्यात सांगता येते. सीसीएचएची अंतिम फेरी १९८२ पासून २०१३ पर्यंत तिथल्या जो लुईस अरीनात होत होती. मिशिगन आणि मिशिगन स्टेट जवळच असल्याने गर्दीची चिंता नसे. पण मोठ्या विद्यापीठांच्या जाण्याने ती कॉन्फरन्सच विसर्जित झाली. २०२१ मध्ये ती नव्याने उभी राहिली तेव्हा उरलेल्या संघांची ठिकाणे इतकी विखुरलेली होती की तिने तटस्थ शहराचा नाद सोडून दिला. अटलांटिक हॉकीनेही रॉचेस्टर, बफेलो आणि युटिका अशी शहरे बदलत अखेर तोच मार्ग धरला.

आवारातल्या सामन्यांच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. पाच हजारांची रिंक विद्यार्थ्यांनी, त्यांच्या बँडने भरली की जो माहोल तयार होतो तो अर्ध्या रिकाम्या अठरा हजारांच्या अरीनात होत नाही. अव्वल येण्याला किंमत राहते. निकालही आधीच ठरलेला नसतो : २०२२ आणि २०२३ मध्ये मिशिगनने मिनेसोटाला त्यांच्याच रिंकवर हरवून बिग टेनचा करंडक नेला. उणीव आहे ती पाहुण्यांच्या बाजूने. अंतिम सामना कुठे होणार हे जेमतेम आठवडाभर आधी कळते, तिकिटे यजमानांच्या वर्षभराच्या धारकांनीच बहुतेक घेतलेली असतात आणि चार संघांचे लोक एकाच गावात जमण्याचा प्रसंग संपतो. वर्षभर सुट्टी राखून ठेवणारी, दरवर्षी त्याच हॉटेलात उतरणारी कुटुंबे या स्पर्धांचा कणा होती. त्यांच्यासाठी नव्या व्यवस्थेत जागा उरलेली नाही, आणि हा तोटा तिकीट विक्रीच्या आकड्यांत कुठे दिसत नाही.

महिलांच्या स्पर्धांत आवारातील रिंकांचा वापर आधीपासूनच अधिक आहे. मिनियापोलिसमधली रिडर अरीना ही २००२ मध्ये खास महिला हॉकीसाठी बांधलेली रिंक डब्ल्यूसीएचएच्या महिला स्पर्धेचे नेहमीचे ठिकाण राहिली आहे.

एनसीएचसीने २०२५-२६ च्या हंगामापासून सेंट पॉल सोडून सर्व फेऱ्या आवारांत नेण्याचे ठरवले. त्यानंतर पुरुषांच्या सहा कॉन्फरन्सपैकी दोनच तटस्थ शहरात उरल्या. हॉकी ईस्ट बॉस्टनच्या टीडी गार्डनमध्ये आहे, जिथे बॉस्टनमधल्या तिच्या विद्यापीठांचे विद्यार्थी लोकल गाडीने पोहोचतात आणि मेन, व्हरमाँटचे लोक महानगराची सहल म्हणून येतात. ईसीएसी लेक प्लॅसिडला आहे.