बालगंधर्व रंगमंदिराची तारीख हवी आहे? अर्ज नेमका इथे अडतो

पुण्यातल्या जंगली महाराज रस्त्यावरच्या या नाट्यगृहाचं भूमिपूजन ८ ऑक्टोबर १९६२ रोजी खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते झालं. २६ जून १९६८ ला, त्यांच्या जयंतीदिनी, ते खुलं झालं तेव्हा बालगंधर्व हयात नव्हते. महापालिकेची ही वास्तू नाटकासाठी उभी राहिली. आज तिथे लावणी, ऑर्केस्ट्रा, नृत्यशाळांचे वार्षिक कार्यक्रम, सत्कार, व्याख्यानं असं सगळंच होतं. म्हणूनच अर्जातला ‘कार्यक्रमाचा प्रकार’ हा रकाना घाईत भरू नका. भाडं आणि पुढचे कागद त्यावरच ठरतात. ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ असं मोघम लिहून आत एकांकिका असेल, तर ते ऐनवेळी उघडं पडतं.

अर्ज, ओळखपत्र, पॅन, संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, भाडं आणि अनामत हे नेहमीचंच. अडतं ते संहितेपाशी.

नाटक किंवा एकांकिका असेल तर राज्य सरकारच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. तारीख मिळाली की मगच संहिता पाठवायची, ही सर्रास होणारी चूक. मंडळ संहिता वाचतं, शंका असल्यास बदल सुचवतं; हे दोन-चार दिवसांत उरकेल असं धरून चालू नका. संहिता पक्की झाली की त्याच आठवड्यात पाठवा. प्रमाणपत्र त्या संहितेलाच असतं, त्यामुळे तालमीत नवा प्रवेश घातलात तर तोही मंजूर करून घ्या.

दुसरा कागद लेखकाच्या लेखी परवानगीचा. तोंडी ‘करा हो खुशाल’ चालत नाही. लेखक हयात नसतील तर वारसांची सही लागते, आणि वारस अनेकदा तीन गावांत विखुरलेले असतात. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी हक्क संपतो. नाटककार राम गणेश गडकरी १९१९ साली गेले, त्यांच्या मूळ नाटकांना परवानगी नको. पण त्याच नाटकाची अलीकडे कुणी केलेली रंगावृत्ती वापरणार असाल तर त्या व्यक्तीची हवी. अनुवाद असेल तर मूळ लेखक आणि अनुवादक, दोघांचीही पाहा.

वेळेबाबतचा गैरसमज सगळ्यात महाग पडतो. सत्राची वेळ म्हणजे प्रयोगाची वेळ नव्हे. टेम्पोतून नेपथ्य उतरवणं, लाइट लावणं, साउंड तपासणं आणि शेवटी सगळं आवरून रंगमंच मोकळा करणं, हे त्याच वेळेत बसवायचं असतं. तीन अंकी नाटक आणि मध्येच सत्कार ठेवलात की वेळ हातची गेलीच. पत्रिकेवर वेळ छापण्याआधी उलटा हिशेब मांडा.

रात्री १० नंतर ध्वनिक्षेपकाला बंदी असते, बंद सभागृहातल्या आवाजाला सवलत आहे. ती भिंतींच्या आतपुरतीच. आवारात स्पीकर किंवा ढोल-ताशा ठेवणार असाल तर पोलिसांची वेगळी परवानगी काढा.

‘विनामूल्य’ लिहून दारात देणगी प्रवेशिका विकू नका. तो तिकीट लावलेलाच कार्यक्रम ठरतो. आसनं ९८९ आहेत, प्रवेशिका त्याहून जास्त छापू नका. मिळालेली तारीख दुसऱ्या संस्थेला परस्पर देऊ नका, यात नवख्या संस्था फार भरडल्या जातात.

आणि अनामत परत मिळवताना हमखास खोळंबा होतो तो नावाचा. अर्ज ‘मित्रमंडळ’ या नावाने, नोंदणीत ‘मित्र मंडळ ट्रस्ट’, पैसे भरले खजिनदाराच्या खात्यातून. तिन्हीकडे नाव अक्षरशः एकच ठेवा, पैसे संस्थेच्याच खात्यातून भरा आणि मूळ पावती जपून ठेवा.