ऐकू येणं वेगळं, बोलणं समजणं वेगळं: कॉक्लिअर इम्प्लांटनंतर काय होतं?

कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकण्याच्या नसेला थेट विजेचे संदेश देणारं यंत्र, ऑपरेशन करून बसवलं, ते पहिल्यांदा सुरू केलं (स्विच-ऑन), की घरचे विचारतात, "आता ऐकू येतं ना?" येतं. बेल वाजलेली कळते, हाक मारलेली कळते. तरी पुढचं वाक्य डोक्यावरून जातं आणि 'ऑपरेशन फसलं का?' अशी शंका येते. बहुतेकदा तसं काही नसतं. आवाज पोचणं आणि शब्द उमगणं या दोन गोष्टींची गल्लत झालेली असते.

आवाज पोचवणं हे मुख्यतः यंत्राचं काम. कानाबाहेर लावलेला प्रोसेसर आवाज टिपतो, आतल्या कानात बसवलेले 12 ते 22 इलेक्ट्रोड ऐकण्याच्या नसेला विजेचे संदेश देतात. मॅपिंग (प्रत्येक इलेक्ट्रोडच्या विजेची पातळी त्या माणसापुरती जुळवणं) नीट झालं, तर ऑडिओग्राममध्ये (किती हलका आवाज ऐकू येतो, हे दाखवणाऱ्या आलेखात) 20-30 डेसिबलचे हलके आवाजही ऐकू येताना दिसतात. पण ऑडिओग्राम सारखाच असलेल्या दोघांपैकी एक फोनवर आरामात बोलतो, दुसऱ्याला समोरच्याचे ओठ पाहावे लागतात.

निरोगी कानात आवाज टिपून मेंदूकडे पाठवणाऱ्या आतल्या रांगेतल्या केसपेशी साधारण 3,500 असतात. त्यांची जागा मोजके इलेक्ट्रोड घेतात, त्यातही एकाचा प्रवाह शेजारच्याच्या हद्दीत पसरतो. त्यामुळे बोलण्याची लय, चढउतारांचा ठेका बरा पोचतो, बारकावे पुसट होतात. 'पान', 'तान', 'कान' घ्या. तिन्हींचा ठेका एकच, फरक फक्त पहिल्या व्यंजनाचा, आणि तोच निसटतो. ओठ दिसत असतील तर 'प' लगेच ओळखता येतो, कारण ओठ मिटतात. 'त' आणि 'क' मात्र तोंडाच्या आत घडतात, तिथे वाक्याच्या संदर्भावरच भिस्त.

ही उरलेली जुळणी मेंदू करतो, आणि माणसामाणसांतला मोठा फरक इथेच पडतो. बहिरेपणात किती वर्षं गेली, हे फार महत्त्वाचं. भाषा शिकल्यावर ऐकू येणं गेलेल्यांच्या मेंदूत शब्दांचे जुने ठसे असतात. जन्मापासून बहिरेपण असून मोठेपणी इम्प्लांट झालेल्यांना शब्द उमगणं बरंच अवघड जातं. शिवाय नस किती शाबूत आहे, इलेक्ट्रोड योग्य पोकळीत बसलाय का, स्मरणशक्ती आणि लक्ष कसं आहे, हेही आलंच. नुसतं वय जास्त म्हणून इम्प्लांट नाकारणं मला मुळीच पटत नाही.

हे सगळं आधी तपासलं तरी कोणाला किती समजेल, याचं नेमकं भाकीत करता येत नाही. नस आणि गेलेली वर्षं आपल्या हातात नसतात. रोज जागेपणी पूर्ण वेळ प्रोसेसर लावणं, ऐकण्याचा सराव आणि वेळच्या वेळी मॅपिंग हे हातात असतं. सर्वांत जास्त प्रगती पहिल्या काही महिन्यांत दिसते; एका आठवड्यात निकाल लावू नका.

गोंगाटात तर प्रोसेसरचा आवाज वाढवून काहीच साधत नाही, कारण गोंगाटही तेवढाच वाढतो. त्यांच्याशी बोलणाऱ्यांनो, ओरडू नका, समोर या, चेहरा उजेडात ठेवा, थोडं सावकाश बोला. आणि इम्प्लांट झालेल्यांनो, ऑडिओलॉजिस्टकडे (श्रवणतज्ज्ञाकडे) गेल्यावर फक्त ऑडिओग्राम पाहून परत येऊ नका. शब्दांची आणि गोंगाटातल्या वाक्यांची चाचणीही करून मागा.