पाणी उतरलं की पाखरं येतात

उजनी धरण शंभर टक्के भरलं की सोलापूर जिल्ह्याचा जीव भांड्यात पडतो. ऊस, डाळिंब, पिण्याचं पाणी, सगळं त्या आकड्यावर. पण अशा भरल्या वर्षी डिसेंबरात पोराबाळांना घेऊन फ्लेमिंगो बघायला गेलेली मंडळी बऱ्याचदा हिरमुसून परततात. पाऊस इतका झाला, धरण काठोकाठ आहे, मग पक्षी कुठे गेले? उत्तर ऐकायला उलटं वाटतं. पाणी जास्त आहे म्हणूनच ते अजून आलेले नाहीत.

फ्लेमिंगो, चित्रबलाक, शेकाट्या, तुतवार या पक्ष्यांना खोल पाण्याचा काही उपयोग नसतो. त्यांचं पोट भरतं ते काठावरच्या वीतभर पाण्यात आणि नुकत्याच उघड्या पडलेल्या चिखलात. पाणथळ जागा म्हणजे नुसतं पाणी नव्हे. पाणी आणि जमीन यांच्यामधला जो पट्टा कधी बुडतो, कधी उघडा पडतो, तो खरा जिवंत भाग.

आपल्याकडचे तलाव मुळात माणसानं बांधलेले आहेत. सोलापूर शहराच्या उत्तरेला तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परग्याचा एकरुख तलाव इंग्रजांच्या काळातला, १८७१ च्या सुमाराचा. भीमेवरचं उजनी धरण तर कालपरवाचं म्हणावं असं, १९८० च्या आसपास पूर्ण झालेलं. त्याचा एकूण साठा ११७ टीएमसीच्या (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) घरात, त्यातला ६३.६६ टीएमसी 'मृत साठा'. नेहमीच्या मार्गानं कालव्यात सोडता येत नाही म्हणून हिशेबात तो मृत. पाखरांच्या दृष्टीनं मात्र उन्हाळ्यातही टिकून राहणारं हे पाणी म्हणजे मोठा आधार आहे. माणसानं बांधलेलं जलाशयसुद्धा पाणथळ जागांमध्येच मोजलं जातं. १९७१ साली इराणमधल्या रामसर गावी झालेल्या आंतरराष्ट्रीय करारातही तसंच मानलेलं आहे.

कुठल्याही तलावाला दोन बाजू असतात. बांधाकडे पाणी खोल, तर जिथून ओढा किंवा नदी आत येते त्या फुगवट्याकडे उथळ. फुगवट्याचा उतार इतका मंद असतो की डोळ्यांना तो सपाटच वाटतो. समजा शंभर मीटर चालल्यावर जमीन एकच मीटर खाली जाते. तिथे पाण्याची पातळी दहा सेंटिमीटरनं उतरली, तर दहा मीटर रुंदीचा नवा चिखल उघडा पडतो. रब्बीची आवर्तनं, म्हणजे पिकांसाठी कालव्यात पाणी सोडण्याच्या पाळ्या, सुरू झाली की पाणी हळूहळू ओसरत जातं आणि काठ आत सरकत राहतो. त्याच्या मागोमाग पाखरं सरकतात, आणि पाखरांच्या मागोमाग शेतकरी गाळपेर, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरणी, करत येतात.

त्या चिखलात आहे तरी काय? गेल्या जानेवारीत हिप्परग्याला भाच्यानं हाच प्रश्न विचारला, तेव्हा घट्ट जमिनीवर उभं राहून आम्ही काठीनं ओंजळभर गाळ ओढून घेतला. वर तपकिरी, बुळबुळीत, पातळ साय होती. शेवाळ आणि डायटम नावाचे एकपेशीय जीव यांचा तो थर. उन्हात ते अन्न तयार करतात आणि प्राणवायू सोडतात. पण तो प्राणवायू गाळात काही मिलिमीटरच खाली पोचतो. त्याच्याखाली काळाकुट्ट गाळ, सडक्या अंड्यासारख्या वासाचा. आईनं पदर नाकाला लावला. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू तो तयार करतात, आणि त्याची लोहाशी गाठ पडली की गाळ काळा होतो. वास आला म्हणजे तलाव बिघडला, असं लगेच समजू नये. निरोगी गाळालाही हा वास असतो.

गाळ पांढऱ्या ताटलीत घालून वर पाणी ओतलं. थोड्या वेळानं त्यात सेंटिमीटरभर लांबीच्या, लालभडक अळ्या वळवळायला लागल्या. "मामा, यांना रक्त आहे?" पोरानं नेमकं हेरलं. या कायरोनोमिड माश्यांच्या अळ्या. मोठेपणी त्या डासासारख्या दिसतात, पण चावत नाहीत. मत्स्यालयाच्या दुकानात माशांचा खाऊ म्हणून 'ब्लडवर्म' मिळतात, ते हेच. बहुतेक कीटकांच्या शरीरात हिमोग्लोबिन नसतं, यांच्यात असतं. आपल्यासारखं तांबड्या पेशींत भरलेलं नव्हे, तर शरीरद्रवातच विरघळलेलं. ते प्राणवायूला घट्ट पकडतं, म्हणून जिथे इतर किडे गुदमरतील त्या गाळात या अळ्या रेशमी नळ्या विणून मजेत राहतात. शरीराला लाटांसारखे झोके देत वरचं पाणी नळीत ओढतात आणि त्यातला प्राणवायू टिपून घेतात.

काठावरची पुष्कळशी पाखरं या अळ्यांवर, गोगलगायींवर आणि त्यांच्यासारख्या बारीकसारीक जिवांवर जगतात. गर्दी असूनही भांडणं कमी दिसतात, कारण प्रत्येकाची चोच आणि पाय वेगळ्या खोलीसाठी घडलेले आहेत. ओल्या चिखलावर धोबी पक्षी आणि छोटे टिलवे पळत असतात. लाल काड्यांसारख्या पायांचा शेकाट्या थोडा आत उभा असतो. लांब चोचीचे मालगुजे अर्धी चोच गाळात खुपसून चालतात. त्यांच्यासारख्या पक्ष्यांच्या चोचीच्या टोकाला दाब ओळखणाऱ्या सूक्ष्म संवेदकांची दाटी असते. शिवाय पूर्ण चोच न उघडता फक्त टोक उघडता येतं, नाहीतर प्रत्येक घासाला चिखलच तोंडात जाईल.

चित्रबलाक जरा निवांत बघण्यासारखा. हा मोठा, पिवळ्या चोचीचा करकोचा गुडघाभर पाण्यात चोच अर्धवट उघडी ठेवून उभा राहतो. पाणी गढूळ असलं तरी त्याचं अडत नाही, कारण तो माशाला बघत नाही, त्याच्या स्पर्शाची वाट पाहतो. मासा चोचीला लागला रे लागला की चोच मिटते. त्याच्या कुळातल्या अमेरिकेतल्या करकोच्याच्या बाबतीत हा वेळ मोजलेला आहे: सुमारे २५ मिलिसेकंद. माणसाची पापणी लवायला याच्या निदान चौपट वेळ लागतो.

फ्लेमिंगो, म्हणजे आपला रोहित, मान खाली घालून चोच चक्क उलटी धरतो. जाड जीभ दट्ट्यासारखी मागेपुढे होते, पाणी आत येतं आणि चोचीच्या कडांवरच्या बारीक पट्ट्यांमधून बाहेर जातं. अन्न आत अडकतं. हे पुष्कळ वर्षं माहीत होतं. पण चोच आणि पाय वापरून तो पाण्यात छोटे भोवरे निर्माण करतो आणि निसटणारे जीव त्या भोवऱ्यांत ओढून घेतो, हे २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झालं. आता दुर्बिणीतून बघताना त्याचे पाय मुद्दाम पाहा. जागच्या जागी थयथय चाललेली असते. थव्यात काही पाखरं करडी, मळकट दिसली तर ती वेगळ्या जातीची नाहीत, ती पिल्लं आहेत. गुलाबी रंग अन्नातल्या कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्यांमधून येतो आणि तो चढायला काही वर्षं जातात. कच्छच्या रणात चिखलाचे उंचवटे करून ही पाखरं घरटी घालतात.

मला स्वतःला मात्र सगळ्यांत मोठं आश्चर्य वाटतं ते पट्टकदंबांचं. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे हंस हिवाळ्यात आपल्याकडच्या तलावांवर उतरतात आणि काठाजवळच्या गवतात, हरभऱ्यात चरतात. त्यांची वीण तिबेट, मंगोलियाच्या पठारांवर. येता-जाता वाटेत हिमालय. उपग्रहाला जोडलेली यंत्रं पाठीवर बसवून केलेल्या अभ्यासात एका हंसानं ७,२९० मीटर उंची गाठल्याची नोंद आहे. तिथे प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्म्याहून कमी. त्याला तारून नेतं ते पुन्हा हिमोग्लोबिनच, रचनेतल्या एका छोट्या बदलामुळे विरळ हवेतला प्राणवायू अधिक घट्ट पकडणारं. काळ्या गाळातली अळी आणि हिमालय ओलांडणारा हंस, दोघांची अडचण एकच आणि त्यावरचा उपाय एकाच जातीच्या रेणूतला. हिप्परग्याच्या काठावर हे दोघं हाकेच्या अंतरावर असतात, आणि हे मुलांना तिथेच उभं राहून सांगता येतं, याचा मला फार आनंद आहे.

घरच्यांसोबत जायचं तर संक्रांतीच्या मागेपुढे, हुरड्याच्या दिवसांत जावं. पहाटे निघावं, ऊन पाठीशी राहील अशी जागा धरावी. सोबत कडक भाकरी, शेंगा चटणी आणि एखादी साधी दुर्बीण पुरे. आजी-आजोबांसाठी बांधावरची जागा सोयीची, तिथून पाणकावळे, टिबुकल्या आणि वारकरी नावाच्या पाणपक्ष्यांचे थवे दिसतात. चिखलात उतरू नये, गाळ वरून वाळलेला दिसतो आणि आत मांडीभर खोल असतो. पाखरांना फरसाण टाकू नये. आणि थवा उडवून फोटो काढू नये. दूर उत्तरेकडे परतायचं असलेल्या पाखराला अंगावरच्या चरबीचा कण न् कण लागतो.

तलावाचं सुशोभीकरण म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर चहूबाजूंनी दगडी भिंत आणि फरसबंदी वाट येते. पाण्याला उभी भिंत घातली की पातळी कितीही उतरली तरी चिखल उघडा पडत नाही. मग ना अळी, ना तुतवार. सिद्धेश्वर तलावासारख्या शहराच्या मधोमध असलेल्या जुन्या तलावाचे घाट वेगळे, त्यांना इतिहास आहे. पण गावाबाहेरच्या तलावांचा निदान फुगवट्याकडचा काठ ओबडधोबडच राहू द्यावा, असं माझं ठाम मत आहे.

एप्रिल-मे महिन्यांत उजनीला गेलात तर पाहुणी पाखरं परतलेली असतात, पण पाण्यातून वर आलेल्या उघड्या बेटांवर नदी सुरय आणि टिटव्यांची अंडी असू शकतात. घरटं म्हणजे जमिनीतला नुसता खळगा, अंडी मातीच्या रंगाची, पाय पडेपर्यंत दिसणारही नाहीत. पारा ४२ अंशांवर गेला की टिटवी पाण्यात पोट भिजवून येते आणि ओल्या पिसांनी अंड्यांना गारवा देते. तिला उठवलं तर थोड्याच वेळात अंड्यातलं पिल्लू उन्हानं मरू शकतं. होडीवाला फोटोसाठी बेटावर उतरवतो म्हणाला तर नको म्हणा. लांबूनच होडीतून दुर्बीण लावली तरी टिटवीचं हे येणं-जाणं नीट दिसतं.